स्कॉटिश क्लॅन सोसायटीचे सभासद व्हायचंय? आधी कागद, मग बिल्ला, शेवटी किल्ट

क्लॅन म्हणजे एका प्रमुखाला (चीफला) मानणारं स्कॉटिश कूळ, आणि क्लॅन सोसायटी म्हणजे त्या कुळाच्या माणसांची संस्था. तिचा अर्ज बहुधा एका पानाचा असतो. नाव, पत्ता, वर्गणी हे पाच मिनिटांत भरून होतं. पेन अडतं ते एकाच रकान्यात: क्लॅनशी तुमचा संबंध काय? बरेच जण तिथे आडनाव लिहून मोकळे होतात आणि पुढच्याच आठवड्यात त्या आडनावाचं टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचं कापड, विकत घेतात. दोन वर्षांनी पणजोबांचा दाखला हाती येतो आणि कळतं, की घराणं भलत्याच खोऱ्यातलं. तोवर किल्टवर, म्हणजे त्या कापडाच्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या घाघऱ्यावर, चांगलीच रक्कम गेलेली असते. म्हणून या मार्गदर्शनात किल्ट मुद्दाम उशिरा येतो.

लग्नाने किंवा जन्माने स्कॉटिश घराण्याशी नातं जुळलेली मराठी कुटुंबं आता एडिंबरा-ग्लासगोपासून टोरांटोपर्यंत आहेत. आजोळच्या बाजूने मॅकलाउड आणि वडिलांकडून कुलकर्णी असलेल्या मुलांना दोन्ही घरं नीट कळावीत, असं वाटणाऱ्यांसाठी हे विशेष करून लिहिलं आहे.

सोसायटी म्हणजे नेमकं काय

स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे मुलंबाळं. एकेकाळी क्लॅनचा चीफ जमीन, न्याय आणि फौज या तिन्हींचा धनी होता. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, पराभव झाला, त्यामागोमाग आलेल्या कायद्यांनी चीफचे न्यायाचे अधिकार काढून घेतले आणि हायलंड (स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग) पोशाखावर बंदी घातली. ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. आजच्या क्लॅनला कायद्याने कोणतीही सत्ता नाही. आहे ती आपुलकी, आणि ती टिकवण्याचं काम सोसायटी करते.

सर्वांत जुनी सोसायटी ग्लासगोतली बुकॅनन सोसायटी, १७२५ ची. त्या नावाच्या गरजू माणसांना हात द्यावा, हा तिचा हेतू होता. गंमत अशी, की याच बुकॅनन क्लॅनला सतराव्या शतकापासून २०१८ पर्यंत मान्यताप्राप्त चीफच नव्हता. तेव्हा ‘आमच्या क्लॅनला चीफ नाही’ म्हणून मागे हटू नका. चीफ नसलेल्या क्लॅनच्याही सोसायट्या उत्तम चालतात.

एका क्लॅनच्या अनेक सोसायट्या असू शकतात: स्कॉटलंडमधली मूळ, शिवाय अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्या. राहत्या देशातली निवडा, कारण मेळावे तिथेच होणार. सामील होण्याआधी तीन गोष्टी बघा: चीफ असल्यास त्यांची या सोसायटीला मान्यता आहे का, वंशावळी सांभाळणारा कुणी पदाधिकारी आहे का, आणि गेल्या वर्षीचं वार्तापत्र निघालं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे भरण्यापूर्वी सचिवांना एक पत्र टाकून बघा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर दुसरी शाखा शोधलेली बरी.

सभासद कोण होऊ शकतं? क्लॅनचं आडनाव असलेले, क्लॅनशी जोडलेल्या उपघराण्यांचं आडनाव असलेले (या उपघराण्यांना ‘सेप्ट’ म्हणतात), आईच्या किंवा आजीच्या बाजूने नातं असलेले, दत्तक आलेले, आणि बहुतेक ठिकाणी नवरा-बायकोही. रक्ताचा पुरावा सहसा मागत नाहीत. चीफशी निष्ठा ठेवण्याची इच्छा आणि चीफने केलेला स्वीकार, हाच परंपरेचा गाभा आहे. लग्नाने आलेल्या व्यक्तीने त्या रकान्यात सरळ लिहावं: ‘माझी पत्नी मॅकफर्सन घराण्यातील’. यात कमीपणा काही नाही.

आडनावावर किती भिस्त ठेवायची

थोडीच. हायलंडमध्ये अठराव्या शतकापर्यंत साधी माणसं ‘अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू’ अशी ओळख सांगत. सरकारी कागदावर आडनाव लिहायची वेळ आली, तेव्हा अनेकांनी ज्याची जमीन कसली त्याचंच नाव लावलं. त्यामुळे दोन कॅम्बेल एकाच रक्ताचे असतीलच असं नाही.

उलटंही घडलं आहे. १६०३ मध्ये सहाव्या जेम्स राजाने मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा ठरवलं. ती बंदी कायमची उठायला १७७४ साल उजाडलं. मधल्या काळात मॅकग्रेगर माणसं ड्रमंड, मरी, ग्रॅहम, कॅम्बेल अशी नावं लावून जगली. म्हणजे आजच्या एखाद्या ड्रमंडचं मूळ मॅकग्रेगरांत असू शकतं. पण ‘असू शकतं’ आणि ‘आहे’ यांच्यामधलं अंतर कागदानेच भरून निघतं.

मराठी वाचकाला ओळखीचं उदाहरण म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ. जेम्स ग्रँट हे त्यांचं जन्माचं नाव, ग्रँट घराण्यातलं. आईकडच्या डफ घराण्याची ईडन ही इस्टेट वारशाने आली आणि तिच्याबरोबर ‘डफ’ हे नावही. स्कॉटलंडमध्ये इस्टेटीसोबत आडनाव येणं ही रुळलेली रीत होती. जोडआडनाव दिसलं, की आधी वारसा कुठून आला ते पाहा.

मॅक, मक आणि ‘एम’पुढे नुसतं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह (M’), ही एकाच शब्दाची तीन लेखनं आहेत. एक लेखन आयरिश आणि दुसरं स्कॉटिश, असं काही नसतं. शोध घेताना तिन्ही घालून बघा. दुकानांतल्या सेप्टच्या याद्याही जपून वापरा. स्मिथ, टेलर, मिलर, क्लार्क ही धंद्यावरून पडलेली नावं, ती गावोगावी स्वतंत्रपणे पडली. यादीने त्यांना एकेका क्लॅनमध्ये बसवलं म्हणून तुमचा स्मिथ त्या क्लॅनचा होत नाही. तो कोणत्या परगण्यातला, यावरून काय ते ठरतं.

कागदांची साखळी

स्कॉटलंडच्या नोंदी इतक्या बोलक्या आहेत, की हे काम करताना थकवा जाणवत नाही. ‘स्कॉटलंड्सपीपल’ ही सरकारी वेबसाइट आहे. यादीत शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ पानाची प्रत उघडायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. जन्माच्या १००, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांच्या आतल्या नोंदींची प्रत ऑनलाइन दिसत नाही, ती अर्ज करून मागवावी लागते.

सुरुवात जन्माच्या दाखल्यापासून करू नका. मृत्यूच्या दाखल्यापासून करा. स्कॉटिश मृत्युदाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. एका कागदात एक पिढी मागे जाता येतं. मग त्या जोडप्याचं लग्न शोधा: लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं मिळतात. मग जन्म: १८६१ पासूनच्या जन्मनोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण दिलेलं असतं, म्हणजे पुढचा दुवा त्याच पानावर. असं करत १ जानेवारी १८५५ पर्यंत पोचा. त्या दिवशी सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली.

१८५५ हे वर्ष तर खजिनाच आहे. नव्या उत्साहात नोंदणीचे रकाने इतके वाढवले होते, की जन्मनोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, आधीची किती मुलं हयात आणि किती गेली, हेही लिहिलं गेलं. निबंधकांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कापले. तुमच्या थेट पूर्वजाची नोंद १८५५ ची नसेल, तर त्याच्या सख्ख्या भावाबहिणीची त्या वर्षातली नोंद शोधा. आईवडील तेच, म्हणून माहितीही तीच.

१८५५ च्या मागे जुन्या चर्च-नोंदवह्या. सर्वांत जुनी १५५३ ची, पर्थशरमधल्या एरल परगण्यातली. पण त्या स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चच्या आहेत. कॅथलिक आणि एपिस्कोपल कुटुंबांच्या नोंदी वेगळ्या वह्यांत. बाप्तिस्मा म्हणजे जन्मतारीख नव्हे, आणि ‘लग्न’ म्हणून दिसते ती पुष्कळदा लग्नाची जाहीर घोषणा असते. हायलंड आणि बेटांवर बऱ्याच वह्या उशिरा सुरू झाल्या, तिथे साखळी १८०० च्या आसपास तुटली तर स्वतःला दोष देऊ नका.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- मृत्यूची खबर देणारा जावई किंवा शेजारी असेल, तर मृताच्या आईवडिलांची नावं त्याने अंदाजाने सांगितलेली असू शकतात. खबर देणाऱ्याचा रकाना आधी वाचा.
- १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्माचा परगणा मिळतो तो १८५१ पासून.
- जेनेट हीच जेसी, डोनल्ड हाच डॅनियल. नावं बदलली म्हणून माणूस बदलला असं धरू नका.
- जॉन मॅकडोनाल्ड या नावाच्या नोंदी ढिगाने सापडतील. आईचं माहेरचं नाव आणि शेतवस्तीचं नाव, दोन्ही जुळल्याशिवाय कुणाला आजोबा म्हणू नका.

नाव ठेवण्याची जुनी रीत इथे कामाला येते: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. चार मुलांची नावं ओळीने लिहिली, की आजी-आजोबांचा अंदाज येतो. पुरावा मात्र तो नव्हे.

डीएनए चाचणी करायचीच, तर आडनावाच्या संशोधनासाठी वाय-गुणसूत्राची करा. ती केवळ बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ दाखवते, म्हणून आजोळच्या क्लॅनसाठी मामाला किंवा मामेभावाला विनंती करावी लागते. चाचणीने नातलग सापडतात. क्लॅनचं सभासदत्व काही तिच्यावर ठरत नाही.

ज्यांचा स्कॉटिश पूर्वज मुंबई इलाख्यात होता, त्यांनी स्कॉटलंडच्या नोंदींवर अडून राहू नये. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात, ‘एन/३’ या मालिकेत आहेत. फौजेतला असेल, तर आधी पलटण ओळखा. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, ७४ वी आणि ७८ वी या दोन्ही हायलंड पलटणी होत्या. त्या पलटणींच्या हजेरीपटांसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागतं.

अर्ज

आता ‘क्लॅनशी तुमचा संबंध काय’ हा रकाना भरा. चार ओळी पुरतात: तुम्ही, तुमचे आई किंवा वडील, आजी किंवा आजोबा, आणि सर्वांत मागचा सापडलेला पूर्वज, त्याचा परगणा आणि साल. सोबत वंशवृक्षाची एक प्रत जोडा आणि जिथे पुरावा नाही तिथे पेन्सिलीने ‘अंदाज’ असं लिहा. सोसायटीचे वंशावळकार अशा अर्जावर प्रेमाने काम करतात. हयात नातलगांच्या जन्मतारखा देऊ नका. त्यांची परवानगी घेतलेली नसते.

बिल्ला: सगळ्यात जास्त चुका इथे

‘तुमच्या घराण्याचं कुलचिन्ह’ म्हणून ढालीचं चित्र विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका. स्कॉटलंडच्या कायद्यात घराण्याचं किंवा आडनावाचं कुलचिन्ह अशी चीजच नाही. ढाल एका माणसाची असते आणि ती एडिंबऱ्याच्या लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात, १६७२ पासून चालत आलेल्या नोंदवहीत, त्याच्या नावावर चढलेली असते. दुसऱ्याची ढाल स्वतःची म्हणून मिरवणं तिथे गुन्हा आहे, आणि हे न्यायालय आजही चालू आहे. चौरस फूटभर जमीन विकून ‘लॉर्ड’ करणाऱ्या जाहिरातींचंही तेच. त्यातून कोणतीही पदवी मिळत नाही.

सभासदाला हक्काने लावता येतो तो बिल्ला नीट पाहून घ्या. मध्ये चीफचं शिखरचिन्ह: एखादं जनावर, हात, बुरूज. भोवती गोल वळवलेला पट्टा, खाली बक्कल, पट्ट्याचं टोक बक्कलमधून काढून खाली लोंबतं ठेवलेलं. पट्ट्यावर ब्रीदवाक्य कोरलेलं. सगळा अर्थ त्या पट्टा-बक्कलात आहे: हे चिन्ह माझं नाही, माझ्या चीफचं आहे, मी त्यांचा माणूस आहे. चीफ स्वतः लावतात तेव्हा पट्टा नसतो, साधं वर्तुळ असतं आणि मागे गरुडाची तीन पिसं. सभासदाने एकही पीस लावायचं नाही. टोपीवर बिल्ला डाव्या बाजूला येतो.

टार्टन आणि किल्ट

स्कॉटिश टार्टन रजिस्टर ५ फेब्रुवारी २००९ पासून ऑनलाइन आहे. त्यात क्लॅनचं नाव घातलं, की पाच-सात नमुने येतात: जुने, शिकारीचे, समारंभाचे. चीफने मान्य केलेला कोणता, ते सोसायटीला विचारा आणि मगच कापड सांगा. क्लॅन अजून ठरत नसेल, तर पूर्वजांच्या जिल्ह्याचं टार्टन घ्या, ते कुणीही घालावं.

पूर्ण किल्टला आठ यार्ड कापड लागतं, म्हणजे साधारण ७.३ मीटर. कापडाचं वजन यार्डामागे १६ औंस असेल तर निऱ्या जड पडतात आणि वाऱ्यात उडत नाहीत. उष्ण हवेत १३ औंस बरं. त्याहून हलक्या कापडाच्या निऱ्या दोन मेळाव्यांत चुरगळून जातात.

मापात चूक होते कंबरेला. पँटची कंबर सांगू नका. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो, तिथलं माप घ्या. मग पार्श्वभागाचं सर्वांत रुंद माप. मग बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी, ताठ उभं राहून आणि दुसऱ्याकडून. खाली वाकून स्वतः माप घेतलं, की ते चुकतं. तयार किल्ट घालून गुडघ्यांवर बसल्यावर काठ जमिनीपासून इंचभर वर राहायला हवा.

नव्या किल्टच्या निऱ्या पांढऱ्या धावदोऱ्याने धरलेल्या असतात. घालण्याआधी तो दोरा उसवा. प्रवासात नेताना मात्र तसाच दोरा पुन्हा घातलात, तर निऱ्या मोडत नाहीत. वरचा पदर पुरुषांच्या उजव्या बाजूला बंद होतो. त्यावरची पिन केवळ वरच्या पदरातूनच लावायची. दोन्ही पदरांतून टोचली, तर पहिल्यांदा बसतानाच कापड फाटतं. बसताना मागच्या निऱ्या हाताने खाली सारून बसा, नऊवारी नेसणाऱ्यांना ही सवय सांगावी लागत नाही. मोज्यातली छोटी सुरी, ‘स्कीन डू’, विमानप्रवासात हातातल्या बॅगेत ठेवू नका. ती सामानात द्या.

स्त्रियांसाठी टार्टनचा पट्टा असतो. सभासद स्त्रीने तो उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि तिथेच पिनेने अडकवायचा. डावा खांदा चीफच्या पत्नीसारख्या मानकऱ्यांचा. साडीचा पदर डाव्या खांद्यावर येत असल्याने दोन्ही एकत्र फार सुंदर बसतात.

मेळाव्यातला तंबू

हायलंड गेम्सच्या, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश खेळांच्या मेळाव्याच्या, मैदानावर क्लॅनचे तंबू लागतात, आणि सोसायटीला माणसं हवी असतात ती तिथेच. स्कॉटलंडमध्ये ब्रेमारचा मेळावा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी भरतो; अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर माउंटनचा १९५६ पासून चालू आहे. नव्या सभासदाने पहिल्या वर्षी तंबूवर दोन तास बसण्याची तयारी दाखवावी. ओळखी तिथेच होतात.

तंबूसाठी १० फूट बाय १० फूट जागा पुरते. चारही पायांना १५ ते २० किलो वजन बांधा. मोकळ्या माळावर वारा पहिल्या तासातच तंबू उचलतो. टेबलावर टार्टनचं कापड, मागे क्लॅनच्या प्रदेशाचा मोठा नकाशा, आणि सेप्ट आडनावांची यादी इतक्या मोठ्या अक्षरांत, की दहा फुटांवरून वाचता यावी. लोक आधी तीच वाचतात. वहीत नाव-पत्ता घेताना ‘वार्तापत्र पाठवायचं का’ हा वेगळा रकाना ठेवा. मिरवणुकीत सोसायटीचा झेंडा पट्टा-बक्कलचा असावा. चीफचं स्वतःचं निशाण ते हजर नसताना फडकवायचं नसतं.

गावाची भेट

१८५१ च्या जनगणनेतलं वस्तीचं नाव घ्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे मैलाला सहा इंच प्रमाणाचे जुने नकाशे मोफत आहेत, त्यावर ती वस्ती शोधा. बहुतेक वेळा आज तिथे गवतातली दगडांची चौकट उरलेली असते. नकाशावर छप्पर असलेलं घर भरीव आणि पडकं पोकळ काढलेलं असतं. सर्वेक्षणाच्या वेळीच पोकळ दिसलं, तर कुटुंब त्याआधी हललेलं.

मोकळ्या रानातून जबाबदारीने चालण्याचा हक्क स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सर्वांना आहे. फाटक जसं असेल तसंच ठेवा. एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांची विण्याची वेळ असते, तेव्हा कुत्रा नेऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरात हरणांची शिकार चालते, म्हणून आधी इस्टेटीत विचारून घ्या.

कबरीचा दगड वाचता येत नसेल, तर खडू, तारेचा ब्रश, पिठी काहीही लावू नका. वाळूचा दगड खपल्या टाकतो आणि अक्षरं कायमची जातात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी कलत्या उन्हात जा. ऊन नसेल, तर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरून प्रकाश आडवा पाडा. झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात. दगडाची पूर्ण, मग प्रत्येक ओळीची वेगळी छायाचित्रं काढा, शेजारच्या दगडांचीही; नातलग बहुधा शेजारीच पुरलेले असतात. घरी आल्यावर प्रत्येक चित्रावर परगणा, दफनभूमी आणि तारीख लिहा आणि एक संच सोसायटीच्या वंशावळकारांकडे पाठवून द्या.